मनात प्रेम नाही आणि तरी सेवा करतेय, हे ढोंग आहे का? एका सुनेला उत्तर

सलाम ताई.

तुझा प्रश्न मोठा होता म्हणून बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. सासऱ्यांना 14 महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली, बोलणं मात्र शाबूत आहे. नवरा शिफ्टला, नणंद लांबच्या गावी, म्हणजे सगळं करणारी ही एकटीच. सासरे शिव्या देतात, ताट ढकलतात, "लोणचंसुद्धा वाढत नाही, पाण्यावाचून मारायला बसलीय" असं शेजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं ओरडतात. टोमणे मारायचा स्वभाव तर लग्नापासूनचाच. चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं की नम्रपणे सेवा कर, प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले. आणि ही विचारतेय, "सिस्टर, मी सगळं करते पण मनात प्रेमाचा थेंब नाही. बाथरूममध्ये जाऊन रडते. रविवारी उपासनेला बसलं की वाटतं मी ढोंगी आहे. अशी सेवा देवाला चालते का?"

मी नर्स. मिरजेला शिकले, डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली उभ्या केलेल्या मिशन हॉस्पिटलात, मग 34 वर्षं वेगवेगळ्या वॉर्डांत नोकरी झाली आणि रिटायर झाल्यापासून आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तीन-चार बायकांबरोबर अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाते, अंघोळ घालायला, नखं कापायला, ड्रेसिंग करायला, कधी नुसतं बसायला. त्यामुळं चिडकी, संशयी, हात उगारणारी, तोंडावर थुंकणारी माणसं पुष्कळ पाहिली. त्यातली बरीच शेवटपर्यंत तशीच राहिली हे आत्ताच सांगून ठेवते. आणि तुला तू म्हणते, माझ्या धाकटीच्या वयाची असशील.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, हे ढोंग नाही. ढोंगी माणूस लोकांसमोर चांगलं करतो आणि कोणी बघत नसलं की हात आखडता घेतो. तुझं उलट आहे ना, तुझं जे चांगलं आहे ते सगळं बंद दाराआड चाललंय, रात्री दोन वाजता उठून चादर बदलतेस ते कुणी बघत नाही आणि रडतेस तेही लपवून. "तुमच्या शत्रूंवर प्रीती करा" असं बायबलात लूकच्या सहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो ना, त्याच्या पुढचं वाच कधीतरी सावकाश. द्वेष करणाऱ्यांचं बरं करा, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. हातांचं काम, तोंडाचं काम, गुडघ्यांचं काम. त्यांच्याबद्दल मनात गोड भावना आणा असं तिथं कुठंच नाहीये. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पण बघ, प्रीती काय करते आणि काय करत नाही एवढंच पौल सांगतो, सहन करते, हेवा करत नाही, फुगत नाही, अपकार मोजत नाही. प्रीतीला कसं वाटतं हे तो सांगतच नाही. आपण सिनेमातलं प्रेम आणि शास्त्रातली प्रीती यांची खिचडी केलीय आणि मग तुझ्यासारख्या मुली विनाकारण स्वतःला दोषी ठरवतात. तू त्यांना कोरडं ठेवतेस, भरवतेस, औषध चुकवत नाहीस. बाळा, प्रीती तीच. भावना मागून येते, कधी येतच नाही, तरी प्रीती होते.

आता लोणच्याचं. हे मला तुझ्याशी समोर बसून बोलायला आवडलं असतं. तू लिहिलंस की लोणचं, चटणी, कोशिंबीर सगळं वाढलेलं असतं, पाण्याचं भांडंही असतं आणि तरी ते "दिलं नाही" म्हणून ओरडतात. आपल्याकडं ताट कसं वाढतात बघ. भाजी, आमटी उजवीकडं. मीठ, लोणचं, चटणी, कोशिंबीर डावीकडं. पाण्याचं भांडंही डावीकडं. आणि त्यांची गेलीय डावी बाजू. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की पुष्कळ पेशंटना डावीकडचं जग जाणवतच नाही. डोळे चांगले असतात पण मेंदू डावी बाजू हिशोबातच धरत नाही. माणूस अर्धं ताट जेवतो आणि अर्धं तसंच ठेवतो, दाढी करताना डावा गाल राहून जातो, डाव्या बाजूनं कोणी आलं तर दचकतो, हात झटकतो. माझ्या पाहण्यात एक गृहस्थ होते, रोज अर्धी पोळी टाकायचे आणि उपाशी ठेवतात म्हणून रडायचे, घरच्यांना वाटायचं म्हातारा नाटकं करतो. शेवटी फिजिओथेरपीवाल्या मुलानं ताट नुसतं अर्धं फिरवलं, तर ते म्हणाले, "आता आणलंस होय!"

तर उद्या एवढंच कर. लोणचं आणि पाणी उजवीकडं ठेव आणि जेवता जेवता मधेच ताट फिरवून दे. काही काढायचं, घालायचं असेल तर उजवीकडून जा, हात लावायच्या आधी बोल, "पप्पा, मी आलेय, आता कूस बदलूया." डाव्या हाताला धरून कधीच ओढू नकोस, पॅरालिसिसच्या बाजूचा खांदा निखळल्यासारखा होतो आणि भयंकर दुखतो, निम्म्या शिव्या त्या दुखण्याच्याच असतात. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचार की यांना डावीकडचं भान आहे का ते तपासा, कारण त्यासाठी वेगळे व्यायाम असतात, डावीकडं हळूहळू लक्ष वळवायचे.

अजून एक, आजारातलंच. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं आणि पुरुषमाणसांत ते रडण्यापेक्षा रागातून जास्त बाहेर पडतं, म्हणजे मी तरी तसंच पाहिलंय. त्यावर औषध आहे. आणि अचानक दोन दिवसांत फारच बिघडले, रात्री ओरडायला लागले, माणसं ओळखेनात, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नकोस, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं, तीन-चार दिवस पोट साफ झालेलं नसतं, सोडियम कमी झालेलं असतं. तपासायला ने. कटकट्या माणसाचं खरं दुखणं कुणी मनावर घेत नाही, हे मी वॉर्डात इतक्या वेळा पाहिलंय की आता कुणी म्हातारा ओरडला की आधी त्याचं पोट हाताने बघते, मग बोलते.

पण हे सगळं धरून अर्धंच उत्तर झालं. तू लिहिलंयस की लग्नापासूनच टोमणे मारायचे, तुझ्या माहेरचं काढायचे. ते काही झटक्यानं आलेलं नाही. आजार समजून घेतला की राग निम्मा होतो आणि उरलेला निम्मा तसाच राहतो कारण तो खराच आहे, त्या माणसानं तुला खरोखर दुखावलंय. ख्रिस्ती सेवेचं अवघड तिथंच सुरू होतं. ज्याच्यावर दया येते त्याची सेवा कोणीही करतं.

योहानाचा तेरावा अध्याय, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो, आपण पवित्र सप्ताहात दरवर्षी ऐकतो, मी तर लहानपणापासून ऐकला, पण त्यातल्या दोन गोष्टी मला नोकरीला लागल्यावरच दिसल्या.

एक म्हणजे, प्रभूला धरून देणारा यहूदा तिथं बसलेला होता. तो बाहेर जातो ते पुढं, तिसाव्या वचनात, रात्र होती असं लिहिलंय. म्हणजे पाय धुतले तेव्हा तो तिथंच होता आणि प्रभूला सगळं माहीत होतं. तरी त्याचे पाय वगळले नाहीत. आणि धुऊन यहूदा सुधारला का? नाही सुधारला. उठला आणि गेला. मला या गोष्टीचा फार आधार वाटतो. प्रभूच्या हातची सेवा घेऊनही जो माणूस बदलला नाही तिथं माझ्या-तुझ्या सेवेनं सासरे बदलले नाहीत तर आपल्यात काही खोट आहे असं कशाला समजायचं.

दुसरी, तिसरं वचन. आपण ते घाईत वाचून जातो. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार, हे जाणून तो उठला, रुमाल कंबरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं. हे जाणून! आपण कोण आहोत हे पक्कं ठाऊक असल्यावर तो वाकला. घाबरून वाकला नाही, लोक काय म्हणतील म्हणून नाही, घरातून काढतील म्हणून नाही. मला नम्र सेवेचा सगळा अर्थ त्या एका वचनात दिसतो. भीतीनं वाकलेली पाठ आणि प्रीतीनं वाकलेली पाठ लांबून सारखीच दिसते, फरक वाकणाऱ्यालाच कळतो.

हे मला कुणी प्रवचनात शिकवलं नाही. 1979 साल असेल, मी शिकत होते, मेल वॉर्डात ड्युटी. डायबिटीसचा एक पेशंट, पायाला जखम, वास यायचा. मी पाणी द्यायला गेले तर त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि मग सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "तुमच्या हातचं पाणी मी पिणार नाही, पाट्या बदलून माणूस बदलत नाही." आमच्या आजोबांच्या पिढीनं ख्रिस्त स्वीकारला त्याआधी आम्ही कोण होतो ते त्यांना सांगायचं होतं. मी 19 वर्षांची. ग्लास ट्रेमध्ये ठेवला आणि लिनन रूममध्ये जाऊन रडले, तुझ्यासारखीच. आमच्या ट्यूटर सिस्टर तिथं आल्या. मला वाटलं जवळ घेतील नाहीतर त्या माणसाला जाऊन झापतील. त्या म्हणाल्या, "पाणी त्यांच्या बायकोच्या हातनं दे, तो त्यांचा प्रश्न आहे. पाय तू धू, ते तुझं काम आहे. आणि चांगले धू." मग क्षणभर थांबून म्हणाल्या, "त्यांनी सांगितल्यानं तू लहान होत असशील तर जाऊ नकोस, मी दुसरीला पाठवते."

मी गेले. बेसिन घेतलं, कोपरानं पाणी बघितलं, कारण डायबिटीसमध्ये पायाला गरम-गार कळत नाही, आपला हातही ग्लव्हजमध्ये असतो. टाच एका हातावर घेतली. ते छताकडं बघत होते. साबण लावला, धुतला, आणि पुसताना सिस्टर मागून म्हणाल्या, "बोटांच्या मधे." बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की तिथं चिघळतं, म्हणून एकेक बोट बाजूला करून, दाबून, न घासता टिपायचं असतं आणि क्रीम लावायचं तर बोटांच्या मधे लावायचं नसतं. आठ बेचक्या. घाईनं काम करणारी नर्स धुते छान पण पुसते अर्धवट. त्या रात्री होस्टेलवर मी योहान 13 काढलं तर तिथं लिहिलेलंच होतं की प्रभूनं नुसते धुतले नाहीत, कंबरेच्या रुमालानं पुसले. तेव्हापासून मला पाय धुण्यापेक्षा पुसण्यातच प्रीती जास्त दिसते. धुणं लोकांना दिसतं, पुसण्याला वेळ लागतो.

ते गृहस्थ तीन आठवडे होते. माझ्या हातचं पाणी शेवटपर्यंत प्यायले नाहीत. जखम भरली.

आता पाळकसाहेबांनी जे सांगितलं त्याबद्दल थोडं बोलते, त्यांचा मान ठेवून. पाय प्रभूनं धुतले, ज्याला ते गुरू आणि प्रभू म्हणत होते त्यानं. सगळ्यात वरचा सगळ्यात खाली बसला. आणि मग काय म्हणाला? "तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा." एकमेकांचे. आपल्या घरांत हे वचन फिरत फिरत नेहमी सुनेपाशीच का येऊन थांबतं? मुलगा आहे ना, त्याचे जन्मदाते आहेत. सोशिक सून ही आपल्या समाजाची जुनीच आवड, ख्रिस्ती घरांत तिला फक्त शास्त्रातलं वचन जोडलंय. मला याचा मनापासून राग येतो. मी मंडळीत पण हे बोलले आहे, आमच्या बायकांच्या सभेत, पुरुष मागं बसलेले असताना. ज्या घरात एकच माणूस रुमाल बांधतो आणि बाकीचे पाय पुढं करून बसतात तिथं प्रभूची आज्ञा पाळली जात नाहीये, एका बाईला राबवून घेतलं जातंय.

म्हणून नवऱ्याशी बोल. भांडण म्हणून नको, काम म्हणून बोल. वडिलांची अंघोळ आणि डायपरचं त्यांनी शिकायला हवं. कितीतरी म्हाताऱ्या पुरुषांच्या रागाचं कारण हे असतं की सुनेपुढं उघडं व्हावं लागतं. जो माणूस आयुष्यभर घरात खाकरत आला आणि सुना पदर सावरत आत गेल्या त्याला आता तीच सून धुते, त्याची लाज रागाचे कपडे घालून बाहेर येते. मुलानं केलं तर शिव्या कमी होतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. शिफ्ट आहे म्हणतेस तर शिफ्टच्या आधी अर्धा तास. नवऱ्याला येत नसेल तर मला किंवा कुठल्याही नर्सला दोन सकाळी बोलवा, शिकवता येतं, त्यात अवघड काही नाही.

आणि तुझ्या प्रश्नात एक ओळ होती, मधेच आली आणि गेली, की "एकदोनदा हात पण उगारला." ती ओळ मला झोपू देत नाहीये. नम्र सेवेत मार खाणं येत नाही. प्रभूला महायाजकापुढं एका शिपायानं चापट मारली, योहान 18, तेव्हा तो गप्प बसला नाही. त्यानं विचारलं, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? उलट मारलं नाही आणि गिळलंही नाही, डोळ्यात बघून विचारलं. तू पण तेच कर. उजवा हात चालतोय त्यांचा, तर हाताच्या टप्प्याबाहेर उभी राहा, गरम चहा, जड वस्तू त्या बाजूला ठेवू नकोस आणि शांतपणे, प्रत्येक वेळी त्याच शब्दांत सांग, "पप्पा, हात उगारलात तर मी बाहेर जाते, दहा मिनिटांनी येते." आणि खरंच जा. कुशीवर सुरक्षित आहेत, पडणार नाहीत एवढं बघून जा. आणि दहा मिनिटांनी खरंच ये. जाणं जितकं महत्त्वाचं तितकंच येणं. शिव्यांनाही तेच. नको तिथं हात लावणं असं काही कधी झालं तर ते आजारातून असो नसो, तू एकटीनं त्यांच्याजवळ जायचं नाही, नवऱ्याला त्याच दिवशी सांगायचं, आणि घरात कुणी ऐकत नसेल तर 181 ही बायकांची हेल्पलाईन आहे. क्षमा करणं वेगळं, स्वतःला धोक्यात ठेवणं वेगळं. क्षमा तू बाहेरच्या खोलीत बसूनही करू शकतेस.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे तुझ्या हातून होणार नाही. रिटायर झाल्यावर सुरुवातीच्या काळात एका आजोबांकडं जायचे, फार तिरकस बोलायचे. एक दिवस ड्रेसिंग झाल्यावर मी त्यांच्या उशाशी डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना केली, "प्रभू, यांचं कठोर मन मऊ कर, यांना तुझी प्रीती कळू दे." डोळे उघडले तर ते माझ्याकडंच बघत होते. म्हणाले, "सिस्टर, माझी तक्रार देवाकडं करायची तर घरी जाऊन करत जा." मला घाम फुटला कारण ते खरं होतं. ती प्रार्थना नव्हती, टोमणा होता, त्यांच्याच भाषेत, फक्त डोळे मिटून. त्यानंतर मी पेशंटपुढं प्रार्थना करते ती एवढीच, "यांचं दुखणं कमी कर, यांना झोप लागू दे." आणि तीही विचारून. मन मऊ करायची प्रार्थना घरी करते आणि त्यात आधी माझं नाव घेते. भांडी आदळत केलेली सेवा, ऐकू जाईल असा उसासा टाकत केलेली सेवा, नणंदेला फोनवर ऐकवत केलेली सेवा, हे सगळं त्याच जातीचं. होतं हे, माणूस दमला की होतं. झालं की कबूल करायचं, पुढं चालायचं. रडणं त्यात येत नाही, रडून घे.

आणि सेवेला अट लावायची नाही. सुधारा म्हणजे करते, आभार माना म्हणजे करते, चर्चला या म्हणजे करते, यातलं काहीच नको. आम्ही एका बाईंकडं जायचो, रिटायर्ड शिक्षिका, हिंदू घर, मुलांशी बोलणं बंद, कामवाल्या टिकायच्या नाहीत. पहिल्याच गुरुवारी मला म्हणाल्या, "धर्म बदलायला आलात ना?" मी म्हटलं, "नाही बाई, नखं कापायला आलेय." विश्वास नव्हता त्यांचा. चहा दिला तर गार म्हणून सांडायचा, पुढच्या वेळी पोळला म्हणून. नखं नीट कापली नाहीत, टॉवेल खरखरीत आहे, तुझ्या हाताला डेटॉलचा वास येतो. मोबाईलवर हरिपाठ लावून दे म्हणायच्या तर मी लावायचे आणि तो चालू असताना त्यांचे पाय धुवायचे. माझ्याबरोबरची एकजण कुजबुजली, हे चालतं का आपल्याला? मी म्हटलं, आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक स्वतः सांगायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आले, आपल्याला हरिपाठ ऐकताना पाय पुसायला काय हरकत आहे. त्यांना जे हवं ते त्यांच्या पद्धतीनं द्यायचं, मला वाटतं नम्रपणाचा हा भाग सगळ्यात अवघड, कारण आपल्याला वाटत असतं आपली पद्धत चांगली.

दीड वर्ष गेले मी तिथं, दर गुरुवारी. एकदाही थँक्यू नाही, एकदाही बरं बोलल्या नाहीत, शेवटच्या आठवड्यातही मला उशीर झाला म्हणून ओरडल्या. गोष्टींमध्ये होतं तसं काही झालं नाही. एवढंच की पहिले काही महिने मला त्यांचा पाय चादरीखालून शोधून बाहेर घ्यावा लागायचा, आखडून धरायच्या. आणि नंतर कधीतरी, नक्की कधी ते माझ्या लक्षातही आलं नाही, मी बेसिन खाली ठेवलं की पाय आपोआप बाहेर यायचा. तोंड भिंतीकडं, बडबड चालू, आणि पाय माझ्याकडं.

तू स्वतःकडं बघ आता. चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. त्यानं वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधल्या, तेल-द्राक्षारस ओतला, जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर बघितलं. आणि दुसऱ्या दिवशी? दोन नाणी काढून मालकाला दिली, याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देतो, आणि स्वतःच्या कामाला गेला. सगळं आयुष्य तिथं बसून नाही राहिला. दुसऱ्यावर सोपवणं, त्याचे पैसे देणं, हेही त्या सेवेतच आलं. तुमची ऐपत असेल तर आठवड्यातून तीन सकाळी मावशी लावा, नसेल तर मंडळीला विचारा, मागायला लाजू नका. पाळकसाहेबांनी पाय धुण्याचं वचन सांगितलंय ना, तर त्यांनाच म्हण, "साहेब, मंडळीतले दोन भाऊ दर शनिवारी दोन तास पप्पांजवळ बसतील का?" मी सांगते, पुष्कळांना मदत करायची असते, काय करायचं ते कळत नसतं. आणि त्या दोन तासांत घर आवरू नकोस. झोप, बाहेर जा, माहेरी फोन कर. मन फारच खाली गेलं, जगणं नको वाटायला लागलं तर 14416 वर फोन कर, टेलीमानस, फुकट आहे, मराठीत बोलतात. प्रार्थना पण कर आणि फोन पण कर.

सध्या पुढचे आठ दिवस बाकी काही बदलू नकोस, दोनच गोष्टी. लोणचं आणि पाण्याचं भांडं उजवीकडं, आणि रविवारी सकाळची अंघोळ नवऱ्यानं घालायची, तू त्या वेळेला आधीच चर्चमध्ये जाऊन बस, उपासना सुरू व्हायच्या आधीची ती शांत पंधरा मिनिटं मिळतात ना, तेवढी घे. मग मला लिही ताट फिरवल्यावर काय म्हणाले ते. आणि त्यांच्या पायांना सूज आहे का, टाचा लाल दिसतात का, तेही बघून लिही. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची असते, ते राहिलं लिहायचं.